सोहार रोडवरचा डच लेफ्ट बॅक

कंपनीच्या कामाने सोहारला जाताना खाबुऱ्याचा पेट्रोल पंप आला की चाचा गाडी हळू करायचे, उजवीकडे बोट दाखवायचे आणि घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "इथं त्याचा गुडघा गेला." नवीन माणूस बिचारा 'अरेरे' करत तिकडे बघायचा. तिथे असायचं काय, तर हवा भरायचं मशीन आणि सावलीला बसलेल्या दोन बकऱ्या.

ज्याचा गुडघा गेला तो डच होता. शंभरेक वर्षांपूर्वी हॉलंडकडून फुटबॉल खेळायचा, लेफ्ट बॅक; पोटापाण्याला केमिस्ट. ओमानात त्याने जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. पण चाचांच्या गाडीत बसलात की हा माणूस मस्कत ते सोहार अख्ख्या रस्त्यावर सांडलेला असायचा. सुवैकला त्याचा जन्म झाला होता, सहमला त्याने देशासाठी पहिली मॅच खेळली होती, मुसन्नाला त्याचं लग्न ठरलं होतं आणि बरक्याला तो कप्तान झाला होता.

चाचा आमच्या रुसैलच्या रंगाच्या कारखान्यात ट्रान्सपोर्ट सुपरवायझर होते. मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट. सुपरवायझरने खरं तर ऑफिसात बसून ड्रायव्हरांना कामं वाटायची, पण चाचांना दुसऱ्याचं ड्रायव्हिंग बघवत नसे. त्यामुळे मस्कतमधल्या दार्सैतहून आम्हा स्टाफला आणणारी बस ते स्वतःच चालवायचे. माणूस दापोलीकडच्या खाडीकाठचा, दाढीला मेंदी, आणि जूनच्या उकाड्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेला. घाम यायचा तो सगळा आम्हाला, त्यांच्याकडे बघून.

बसमध्ये कोणी कुठे बसायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. माझी जागा 'राइट आऊट'. एचआरमधला पोरगा सगळ्यात मागे, गोलकीपर. अकाउंट्सला पुण्याहून नवीन आलेले एक गृहस्थ पहिल्याच दिवशी मधल्या सीटवर ऐसपैस बसले, तर चाचांनी इंजिन बंद केलं. "सेंटर हाफला असा पसरून बसतात काय? उठा. तुमी बाहेरचे राखीव." ते गृहस्थ वर्षभर दाराजवळच्या फोल्डिंगच्या सीटवर बसून आले. तक्रार करायची कुणाची छाती नव्हती, कारण बस वेळेवर पोचायची.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तसं मी त्यांना सांगितलंही होतं.

"तुना कळायची गरज नाय," ते म्हणाले. "तो पण केमिस्ट, तू पण केमिस्ट. घरचा माणूस समज आणि ऐक."

झालं. माझी सुटकाच नव्हती.

हे वेड त्यांना लागलं ते सोहारला. आमच्याकडे येण्यापूर्वी ते बंदराच्या कामावर एका डच इंजिनिअरची गाडी चालवायचे. साहेबाला मीटिंगसाठी सारखं मस्कतला यावं लागे. त्या लेफ्ट बॅकचा हा साहेब चुलतनातू. रस्त्यात कंटाळा आला की थोडं थोडं सांगायचा, आणि ते फक्त गाडीत. ऑफिसात चाचांनी विषय काढला तर म्हणायचा, "आता नाही, निघाल्यावर." आणि सांगायचाही कसा, जे आठवेल ते, जिथे आठवेल तिथे. चाचांच्या डोक्यात मग जी गोष्ट ज्या गावापाशी ऐकली ती त्या गावाची झाली. त्यामुळे मस्कतहून निघालं की हा माणूस आधी कप्तान व्हायचा, मग लग्न ठरवायचा आणि त्यानंतर कुठे जन्माला यायचा. मी एकदा म्हटलं, "चाचा, तारखेवार लावून सांगा की जरा." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "रस्ता जसा हाय तसाच सांगणार ना, बाय?"

पण सांगायचे मात्र झकास. त्याचा बाप शाळेचा हेडमास्तर, त्याला हा खेळ म्हणजे हमालांचा धिंगाणा वाटायचा. पोरगं लपूनछपून खेळायचं, चिखलाचे कपडे नदीवर धुऊन ओलेच अंगात घालून घरी यायचं. मोठा झाला तेव्हाही खेळायचे पैसे नव्हतेच. आठवडाभर प्रयोगशाळेत काम, रविवारी स्वतःच्या खिशातून आगगाडीचं तिकीट काढून मॅचला. एकदा बेल्जियमवाल्यांनी मारलेला बॉल गोलात जाता जाता त्याने तोंडाने अडवला. तेव्हाचा बॉल चामड्याचा, वर बुटासारखी नाडी, आणि पावसात भिजला की धोंड्यासारखा जड. "त्या नाडीचा वळ कपाळावर उठला तो आठवडाभर गेला नाय," चाचा स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवत सांगायचे. "लॅबमधे लोक विचारायचे, काय झाला? तर तो बोलायचा, दार लागला."

एवढं नाव झालेलं असताना, ऐन भरात, त्याने खेळ सोडला आणि जावा बेटावर साखर कारखान्यात केमिस्टची नोकरी धरली. इथून पुढे चाचांची गाडी जरा घसरायची.

"त्याचा तिथला अर्बाब लई कडक होता. दोन वर्षं सुट्टी दिलान नाय."

"चाचा, अर्बाब म्हणतात ते इथल्या अरब मालकाला. जावाला कुठला आलाय अर्बाब?"

"मग काय साखर कारखाना आपोआप चालायचा काय? कोणतरी असेलच की अर्बाब!"

जहाजावर चढताना त्याच्या आईने डबा भरून सुके मासे दिले होते. मावसभाऊ आधीपासून तिकडे होता, त्यानेच नोकरीचं जमवलं. पत्राला महिना लागायचा म्हणून घरच्या मयताची बातमी त्याला चाळिसावा उलटल्यावर कळायची. हे ऐकताना मला कळायचं की हॉलंडचं जहाज कधीच दापोलीच्या बाजूला लागलेलं आहे. पण मी टोकायचं सोडून दिलं. सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा आणि बसमधले सगळे फोन बाजूला ठेवून ऐकायचे. एचआरचा पोरगा तर मागून ओरडायचा, "चाचा, जोरात!"

साहेबाने सांगितलेली गोष्ट मात्र जहाज सुटल्यावर थांबायची. कारण साहेबाची इथली नोकरी संपली त्या दिवशी चाचाच त्याला विमानतळावर सोडायला गेले होते आणि तेवढ्या वेळात गोष्टीतलं जहाज बंदरातून बाहेर पडलं होतं. दरवाजापाशी चाचांनी विचारलं, "पुढं काय झाला?" साहेब म्हणाला, "पुढच्या वेळी," आणि आत गेला. पुढची वेळ काही आली नाही. साहेबाचा नंबर बदलला, चाचांनी कंपनी बदलली, आणि तो लेफ्ट बॅक कित्येक वर्षं समुद्रातच राहिला.

मी आपली शहाणी, एकदा मोबाइलवर शोधून काढायला निघाले. चाचांनी स्क्रीनवर सबंध पंजा ठेवला. "ह्यातला नको. साहेब सांगेल ताच खरा." मी नंतर गुपचूप पाहिलंच. जन्म, क्लबचं नाव, देशासाठी खेळलेल्या मॅचेस. जहाजानंतरचं तिथेही काही नव्हतं.

त्यांना नेमकं काय ऐकायचं होतं, ते मला एका संध्याकाळी कळलं. रुसैलहून परतताना पुढे अपघात झाला होता आणि गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. मागे सगळे डुलक्या काढत होते. चाचा अचानक म्हणाले, "मी पण लेफ्ट बॅकच होतो, बाय."

त्यांना बोलायचं होतं.

"जिल्ह्याच्या टीमात निवडलेला मना. कागद आला सोमवारी. गुरुवारी मामूनं व्हिसा पाठवलान. घरात चार बहिणी, मग काय विचारायचा? निघालो त्या दिवशी अख्खा गाव एष्टीपर्यंत आलेला. पोरा नाव घेऊन ओरडत होती. कोणतरी माझे बूट मागून घेतलान, की तू आता काय करणार त्यांचा." ते हसले. "दिले."

"आणि सुट्टीवर जाता तेव्हा? जाता का मैदानावर?"

"सुट्टीत लगीन, आजारपण, घराचा काम. आणि खरा सांगू? पाय उचलत नाय त्या बाजूला. एकदा गेलो लांबपर्यंत. सगळी नवीन पोरा. कोणी वळून पण बघितला नाय. तसाच परत फिरलो."

थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणून मना त्याचा कळायला पायजे. तो परत गेला काय? आणि गेला तर लोकांनी ओळखला काय?"

आता ही नुसती गप्पांची गोष्ट राहिली नव्हती. चाचांचं वय झालं होतं. गावी घर बांधून तयार, चाची तिथे एकटी, रोज फोनवर "कधी येताव?" आणि हे दर वर्षी कंपनीला सांगून मुदत वाढवून घ्यायचे. एचआरचा पोरगा म्हणायचा, "चाचा, एकदा तारीख द्या, मस्त सेंडऑफ करू." तर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "त्याचा शेवट कळू दे, मग जातो." सगळे खो खो हसायचे. मला हसू यायचं बंद झालं होतं. माणूस परक्या मुलखात उभं आयुष्य काढतो आणि मग घरी जायलाच घाबरतो, ह्यात हसण्यासारखं काय आहे?

मागच्या थंडीत एक दिवस चाचा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. लॅबमध्ये ते कधी येत नसत, रंगाच्या वासाने त्यांना मळमळायचं. नाकाला रुमाल, आणि त्या रुमालाच्या वर डोळे नुसते नाचत होते.

"साहेब येतोय. शनिवारी. बोटीनं."

साहेब आता रिटायर झाला होता आणि बायकोबरोबर त्या मोठ्या प्रवासी बोटीवर फिरत होता. बोट एक दिवस मत्र्याला, मस्कतच्या जुन्या बंदरात, थांबणार होती. सोहारच्या जुन्या ऑफिसातून कुणाकडून तरी त्याने चाचांचा नंबर मिळवला होता.

"तू चल," चाचा म्हणाले.

"मी कशाला? तुमचा साहेब, तुमची गोष्ट."

"माझा डावा कान गेलाय. आणि दुसरा म्हणजे, मी माझ्या मनाचा घालतो मधे मधे. तुना वाटतंय मना कळत नाय? शेवटात तसा नको. तू ऐक नीट, साक्षीला."

शनिवारी सकाळी चाचा एका मित्राची चकचकीत गाडी घेऊन आले. साहेब ताडमाड उंच, नाक उन्हाने लाल झालेलं. दोघं धक्क्यावर भेटले, खांदे थोपटले, मग एकमेकांच्या पोटाकडे बोट दाखवून हसत सुटले. साहेबाची बायको सूकमध्ये खरेदीला गेली. साहेबाला वाटलं आता कुठेतरी कॉफी प्यायची. त्याने तिथेच सुरुवात केली, "हां, तर माझ्या त्या आजोबांचं..."

"नो, नो! कार!" चाचा ओरडले.

आणि गाडीतसुद्धा लगेच नाही. गोष्ट जिथे थांबली होती तिथूनच सुरू व्हायला हवी. म्हणून मत्र्याहून आम्ही थेट विमानतळावर. ज्या दारापाशी साहेब आत गेला होता, बरोबर त्या दारापाशी चाचांनी गाडी उभी केली. पोलीस लांबूनच हात हलवत आला, "यल्ला, यल्ला!" चाचांनी त्याला सलाम केला, गाडी हळूच पुढे काढली आणि साहेबाला म्हणाले, "नाऊ. शिप इज गॉन. देन?"

साहेबाने मला हसून पाहिलं आणि सांगायला लागला. त्याचं इंग्रजी सावकाश होतं, मला सगळं नीट कळत होतं.

त्याचे चुलतआजोबा जावाला खूप वर्षं राहिले. सुरुवातीला कारखान्याच्या मागच्या पटांगणात जरा खेळले, मग उन्हाने आणि कामाने ते सुटलं. मी मध्येच गुडघ्याचं विचारलं, तर साहेब म्हणाला, गुडघा नव्हे, खांद्याचं हाड मोडलं होतं. चाचा ढिम्म. "खाबुऱ्याला गुडघाच होता," ते मला मराठीत म्हणाले. सुक्या माशांचं विचारायची माझी हिंमतच झाली नाही. पण साहेबच बोलता बोलता म्हणाला की आईने खारवलेले मासे बरोबर दिले होते. चाचांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

आणि मग, सोहार रोडवर सीब गाव मागे टाकल्यावर, साहेब म्हणाला की ते परत आले. केस पिकलेले, शरीर सुटलेलं. आले त्याच आठवड्यात रविवारी जुन्या क्लबच्या मैदानावर गेले. दारावरच्या माणसाने तिकीट मागितलं. त्यांनी गुपचूप तिकीट काढलं आणि बाकावर जाऊन बसले. शेजारी एक म्हातारा चिरूट ओढत पोरांना जुन्या गोष्टी सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, आमच्या वेळी एक लेफ्ट बॅक होता, तसा पुन्हा झाला नाही. बेल्जियमचा बॉल त्याने तोंडाने अडवला होता. पुढे तो जावाला गेला आणि तिथे तापाने मेला.

चाचांनी गाडीचा वेग एकदम कमी केला. मागून हॉर्न वाजले.

"मग?" त्यांनी मराठीतच विचारलं. साहेबाला कळलं.

मग काही नाही, साहेब म्हणाला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, घरी आले आणि बायकोला म्हणाले, मी फार चांगला खेळायचो असं आज कळलं. त्यानंतर मरेपर्यंत दर रविवारी ते त्याच म्हाताऱ्याशेजारी बसायचे. दोघांची दोस्ती झाली. पण आपण कोण ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात आणि सगळे पोट धरून हसतात. आजोबा म्हणायचे, मेलेल्या लेफ्ट बॅककडून चूक होत नाही, कशाला त्याला उठवा?

साहेब स्वतःही हसला. मलाही ती गोष्ट आवडली होती, फार आवडली होती, पण चाचांकडे पाहिलं आणि हसू आवरलं. त्यांनी बरक्याच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पूर्ण वळून साहेबाकडे तोंड केलं.

"कधीच नाय बोलला? नेव्हर?"

"नेव्हर."

"बाय, विचार त्याला. परत विचार."

मी विचारलं. उत्तर तेच.

चाचा भडकले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणावर भडकलेलं पाहिलं नव्हतं. "हा काय शेवट हाय? जिता माणूस बाजूला बसलाय, त्याच्या मयताचा सांगतायत आणि हा ऐकून घरी जाऊन चहा पितो? बोलायचा होता! उठायचा, छाती ठोकायची, बोलायचा, मी तो! हसला असता तर हसू दे. पण बोलायचा तरी!"

साहेब गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, "कदाचित आजोबांना ते पुरेसं होतं."

"मना पुरायचा नाय," चाचा म्हणाले. हे मी साहेबाला सांगितलं नाही.

चाचांनी तिथूनच गाडी मत्र्याकडे वळवली. धक्क्यावर मात्र चाचांनी साहेबाला घट्ट मिठी मारली, त्याच्या बायकोला हलव्याचा डबा दिला आणि बोट सुटेपर्यंत हात हलवत उभे राहिले. मला दार्सैतला सोडताना म्हणाले, "खलास. कळला एकदाचा."

"वाईट वाटलं का चाचा?"

"वाईट नाय. राग आला. आता मना असा वाटतंय की मी जाऊनच बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एचआरच्या पोराला तारीख दिली. पोराने आधी विश्वासच ठेवला नाही. सेंडऑफला केक आणला होता, त्यावर बॉल काढलेला. चाचांनी भाषण केलं नाही, नुसते सगळ्यांचे हात हातात घेत फिरले. जाताना अकाउंट्सच्या गृहस्थांना मात्र म्हणाले, "आजपासून तुमी सेंटर हाफ." त्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं हो, खरंच.

नंतर बरेच दिवस फोन नाही. मी केला तर चाची उचलायच्या, "ते बाहेर गेलेत." मला उगाच धास्ती वाटायची. वाटायचं, गेला असेल माणूस मैदानावर आणि आला असेल तसाच परत.

मग एका दुपारी लॅबमध्ये असताना त्यांचाच फोन आला. वारा सूं सूं वाजत होता आणि मागे प्रचंड गोंगाट.

"चाचा! कसे आहात? ओळखलं का हो कोणी?"

"कोणी नाय!" ते ओरडून म्हणाले. "पहिल्या जुम्म्याला गेलो, मधे उभा राहिलो, मोठ्यानं नाव सांगितला. बापाचा पण सांगितला. लेफ्ट बॅक होतो, परत आलोय, असा बोल्लो. एक जण काय बोलतो, चाचा बाजूला व्हा, बॉल लागेल."

"मग?"

"मग झालो बाजूला. पण दुसऱ्या जुम्म्याला परत गेलो. त्या दिवशी त्यांचा पंच आला नाय. मी बोल्लो, द्या शिट्टी इकडं. आणि काय सांगू बाय, अशी पेनल्टी दिली, अशी पेनल्टी दिली! दोन्ही टीमा अंगावर धावून आल्या."

"अहो चाचा, मारतील ना!"

"कोण मारतोय? तेव्हापासून मीच पंच. थांब, ऐक."

त्यांनी फोन हवेत धरला असावा. आधी नुसता वारा, मग शिट्टी, आणि मग लांबून कुणीतरी गळा फाडून चाचांचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि त्याला जोडून अशी एक कोकणी शिवी, की मी लॅबमध्ये एकटी असूनही इकडेतिकडे पाहिलं.

"ऐकलास?" चाचा धापा टाकत हसत होते. "सगळा गाव असाच बोलतो आता. नाव घेऊन, बाय! नाव घेऊन शिव्या घालतात!"

मला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात त्या पोराने पुन्हा तीच शिवी घातली, आणि चाचांनी त्याला उलट ओरडून सांगितलं, "हां, मीच तो! बोल!"